उस्तादांची बोळवण

दस्तगीर उस्तादांशी नीलम्मा कधी थेट बोलली नव्हती. तशी रीतच नव्हती. नवऱ्याच्या वडीलधाऱ्या माणसापुढं सुनेनं तोंड उघडायचं नाही, आणि उस्ताद तर महांतप्पाचे लहानपणचे मास्तर. तेव्हा ती आतून नवऱ्याला म्हणायची, "अवो, त्यास्नी इचारा, चहात साखर पुरं हाय का." महांतप्पा ओट्यावर मान वळवायचा, "उस्ताद, साखर?" उस्तादांना ते आधीच ऐकू गेलेलं असायचं. तरी ते त्यालाच उत्तर द्यायचे, "तिला सांग, पुरं आहे." मधल्या भिंतीचा असा मान राखून दोन्हीकडची माणसं सुखानं राहत होती.

सकाळी निघून मुरुमचा बाजार करून दिवसाउजेडी परतावं, एवढ्या अंतरावरचं ते गाव. निजामाच्या राज्यातलं. पुढं महांतप्पाचं कापडाचं दुकान, मागं घर, आणि दुकानाला लागून एक खोली, तीत उस्ताद. गावातल्या पोरांना उर्दू शिकवता शिकवता ते एकदा हैदराबादेस गेले आणि तिथंच राहिले. इंग्रजी किताबांचा उर्दूत तर्जुमा करणारी एक कचेरी होती, तीत शब्द शोधायचं काम. फिरंग्यांच्या एकेका शब्दाला उर्दूत जोडीदार गाठून द्यायचा. म्हातारपणी बायको गेली, हैदराबाद सुनं वाटू लागलं, तसे गावी परतले. सोबत एक ट्रंक आणि डोकंभर शब्द.

नीलम्माचं माहेर आळंदकडचं, कानडी. मराठी तिला सासूनं जात्यावर शिकवली. त्यामुळं बोलताना तिची मराठी अडखळायची, पण ओवीत शिरली की उतारावरच्या पाण्यासारखी धावायची. पहाटे जातं फिरू लागलं की भिंतीपलीकडं उस्तादांची उशी जागी व्हायची.

एका हिवाळ्यात ती गात होती :

दारी आला गं पाव्हणा, न्हाय पुसलं गाव-नाव
आधी तांब्या दिला हाती, मग इचारला ठाव

त्या दिवशी संध्याकाळी उस्ताद ओट्यावर आले ते घाईघाईनं. काठी भिंतीला नीट टेकवायचीही फुरसत नव्हती.

"महांता, तुझ्या बायकोला विचार, सकाळची ती ओवी कुणाची?"

आतून आवाज आला, "सांगा, सासूबाईंची. त्यांच्याबी सासूची आसंल."

"नाव-गाव विचारायच्या आधी पाणी! अरे, हीच रीत युनानी, म्हणजे ग्रीक लोकांची होती. दारात कोण उभाय ते विचारायचं नाही. आधी जेवू घालायचं, मग नाव. त्यांच्या जबानीत दारातल्या माणसाला 'क्सेनोस' म्हणत. परका असला तरी क्सेनोस, पाव्हणा असला तरी क्सेनोस, आणि त्याला घरात घेणाराही क्सेनोसच."

"मंग वळखायचं कसं, कोण कुठला?" महांतप्पा कापडाचा गठ्ठा बांधता बांधता म्हणाला.

"तेच तर! ओळखायची गरजच वाटत नव्हती त्यांना." उस्तादांनी मांडी घातली. अशी मांडी घातली की दिवेलागण होईस्तोवर ते उठत नसत. "आता लॅटिन घे. ही त्या मुलखातली जुनी जबान, बऱ्याच जणींची आई. तीत एक शब्द आहे 'होस्तिस'. जुन्या काळी होस्तिस म्हणजे नुसता परमुलखाचा माणूस. आपल्या बरोबरीचा. त्यानं दिलं तर आपण द्यायचं, आपण दिलं तर त्यानं. मग रोमवाल्यांचं राज्य वाढलं, लढाया वाढल्या, आणि त्याच होस्तिसचा अर्थ झाला दुश्मन."

"च्यायला!"

"थांब. त्याच्याच भावकीतला दुसरा शब्द 'होस्पेस'. तो मात्र घरात राहिला. होस्पेस म्हणजे पाव्हणा, आणि पाव्हण्याला घरात घेणाराही. त्याच्यापासून फ्रेंचांचा 'ओत' झाला, इटलीवाल्यांचा 'ओस्पिते'. दोन्हींत आजही तसंच आहे, घरधन्याला आणि पाव्हण्याला एकच नाव. आणि जर्मनांचा 'गास्ट', इंग्रजांचा 'गेस्ट', रूसवाल्यांचा 'गोस्त', हे तिघं म्हणजे त्या होस्तिसचे चुलतभाऊ. ते पाव्हणेच राहिले. एका घराण्यातला एक भाऊ दुश्मन झाला, बाकीचे पाव्हणे."

"म्हंजे भावकी सगळीकडं सारखीच की."

उस्ताद खळखळून हसले. "आणि तुझ्या घरापर्यंतही पोचलाय तो. सोलापूरला आपण 'इस्पितळ' म्हणतो ना? ते त्याच होस्पेसचं. पाव्हण्यांनी उतरायची जागा. हॉटेलही त्यातलंच."

"उस्ताद, त्या इस्पितळात मला कडू औषिद पाजलं ते पाव्हणा म्हणून का दुश्मन म्हणून?"

आत चुलीपुढं नीलम्माला हसू आवरेना. पदर तोंडात धरून ती भाकरी थापत राहिली. थापता थापता तिच्या मनात तो शब्द फिरत होता. एवढ्या लांबून, एवढ्या मुलखांतून, बोटीत बसून, घोड्यावरून, एक शब्द येतो आणि सोलापूरच्या इस्पितळात उतरतो. जात्यात दाणा पडावा तसा.

ओट्यावर उस्तादांचा आवाज जरा खाली आला. "त्या 'ओत'नं मला लई छळलं, महांता. कचेरीत एक फ्रेंच किस्सा आला होता, इंग्रजीच्या जोडीला. त्यात जागोजाग ओत. उर्दूत मेहमान वेगळा, मेजबान वेगळा. दर वेळी मला ठरवावं लागायचं, हा कोण? घरचा का बाहेरचा? दोघांना एकच लफ्ज मला शेवटपर्यंत सापडला नाही. तुमच्या मराठीत आहे का?"

महांतप्पानं डोकं खाजवलं. आतून नीलम्मा म्हणाली, "अवो, सांगा, व्याही. पोरीचा बाप पोराच्या बापाला व्याही म्हनतो, त्योबी ह्याला व्याहीच म्हनतो. आमच्या कानडीतबी बीगरू तसंच."

मग उस्तादांनी मांडीवर थाप मारली. "वाह, सूनबाई! वाह!" भिंतीचा मान विसरून ते पहिल्यांदाच तिच्याशी थेट बोलले. आणि त्याच भरात पुढं म्हणून गेले, "पण व्याही व्हायला पोरंबाळं लागतात."

चुलीतलं लाकूड तडतडलं. महांतप्पानं गठ्ठ्याची गाठ उगीच सोडून पुन्हा बांधली. लग्नाला इतकी वर्षं झाली होती आणि त्या घरात पाळणा हलला नव्हता, हे गावाला ठाऊक होतं. उस्तादांना सगळ्यांच्या आधी.

"माझी जबान झडो," ते पुटपुटले.

नीलम्माला सांगावंसं वाटलं, ऱ्हाऊ द्या, मला काय वाटलं न्हाय. तिला खरंच फारसं वाटलं नव्हतं. तुमच्या घरीबी कुठं पोरंबाळं हायती, एवढंच मनात आलं होतं. ओठांपर्यंत शब्द आले. पण रीत. तिनं नवऱ्याला सांगायचं म्हटलं तर नवरा मान खाली घालून बसलेला. तिनं आणखी एक भाकरी तव्यावर टाकली. दुसऱ्या दिवशी उस्तादांनी मुरुमहून तिच्यासाठी बत्तासे आणवले. तिनं ते देवापुढं ठेवले, आणि त्या विषयावर दोन्हीकडून तिथंच माती पडली.

पुढच्या उन्हाळ्यापासून दिवस फिरले. मग इंग्रज गेले, पण निजाम गेला नाही. रझाकारांच्या टोळ्या गावोगाव फिरू लागल्या. लोक बैलगाड्या जुंपून हद्दीपल्याड, सोलापूरच्या मुलखात जाऊ लागले. महांतप्पानंही पुढच्या चैत्रात घर सोडलं. निघताना त्यानं कुलपाची किल्ली उस्तादांच्या हातात दिली.

"गाय तुमच्या हवाली, उस्ताद."

"गाय, दुकान, तुमचा देवही," उस्ताद म्हणाले. "जा. घराची काळजी करू नकोस."

भाद्रपदात हिंदुस्थानची फौज सोलापूरकडच्याच रस्त्यानं आत आली. चार-पाच दिवसांत निजामाचा पाडाव झाला. महांतप्पा आणि नीलम्मा परतली तेव्हा शेजारची दोन घरं जळलेली होती आणि यांच्या घराचा चिराही ढळला नव्हता. गाय तुकतुकीत. कोनाड्यातल्या दिव्यात तेल. रझाकार दारात आले तेव्हा उस्ताद उंबऱ्यावर बसून राहिले होते आणि हे घर माझं आहे म्हणाले होते, हे शेजाऱ्यांनी सांगितलं. उस्ताद स्वतः त्याबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. त्यांनी फक्त किल्ली परत केली.

आणि मग वारं उलटं फिरलं. ज्यांची घरं जळली होती त्यांनी आता कुऱ्हाडी उचलल्या. आसपासच्या गावांतून बातम्या येऊ लागल्या, ऐकू नयेत अशा. ज्यांनी कुणाच्या केसालाही धक्का लावला नव्हता अशीही माणसं मशिदीतून ओढून काढली म्हणे, विहिरींवर गाठली म्हणे. महांतप्पा त्याच दिवशी उठला, उस्तादांच्या खोलीत गेला आणि त्यांना हाताला धरून घरात घेऊन आला. ओट्यापर्यंत नव्हे, थेट आत. जोंधळ्याच्या पोत्यांमागं आतल्या खोलीत त्यांना चटई टाकून दिली.

नीलम्मानं त्यांचं ताट वाढलं ते घरच्या कास्याच्या ताटात. आजवर उस्तादांची कपबशी बाहेरच्या कोनाड्यात वेगळी असायची. तिनं ताट दाराशी ठेवलं, बांगड्या वाजवल्या आणि मागं सरली. आतून नुसता खाकरल्याचा आवाज आला. जेवण झालं की रिकामं ताट दाराशी. असे दिवस चालले. उस्तादांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात ती गायीशी बोलायची, मांजराशी बोलायची. आपण घरात आहोत, एवढं त्यांना कळावं म्हणून.

एका सकाळी हिंमतराव आला. त्याच्या भावाचं घर जळलेल्यांपैकी. मागं चार जण. हिंमतराव काही वाईट माणूस नव्हता. महांतप्पाच्या लग्नात पंगत वाढायला तोच पुढं होता. पण त्या दिवशी त्याचे डोळे त्याचे नव्हते.

"आप्पा, म्हातारं कुठाय?"

"कुठलं म्हातारं?"

"सोंग नगं करू. तुझं उस्ताद."

"गेलं की कवाच. हैद्राबादेला."

"गेलं? मंग चुलीवर तवा येवढा मोठा कशाला, दोघांच्या मानानं?" मागच्यांतला एक जण हसला.

"नीलम्मा खाती लई," महांतप्पा म्हणाला. तेही हसले. मग हसणं संपलं.

"आप्पा, घरात पाव्हणा ठिवला आसशील तर आत्ताच सांग. मागनं आमाला बोल लावू नगंस."

महांतप्पाचा आवाज चढला. इतका की नीलम्मा दचकली. "इथं कोण पाव्हणा न्हाय! माझ्या घरात परकं माणूस कशाला ठिवू म्या? माझंच मला झालंय जड. देवाची आण घालू का?"

हिंमतराव बराच वेळ दारात उभा राहिला. मग थुंकून गेला. पण जाताना म्हणाला, "सांजच्याला परत येतो. आत बघायला."

महांतप्पा चुलीपाशी येऊन बसला. तो कुजबुजला, "आज न्हाय तर कवाच न्हाय. म्या मुरुमला जातो. कल्याणप्पाची छपराची गाडी आणतो. दुपार कलली की तू, मी आणि उस्ताद. वर कापडाचे गठ्ठे, बाजारला चाललो म्हणायचं. उमरग्यात फौजेचा तळ हाय, तितं एकदा पोचलं की झालं."

"त्यास्नी सांगून जावा."

"गाडी मिळू दे आधी. न्हाय मिळाली तर उगी आशा लावून ठिवायची? आल्यावर सांगतो. तू भाकरी बांध तिघांच्या."

तो परसातून गेला. नीलम्मानं कडक भाकरी काढल्या, शेंगांची चटणी कुटली. हद्दीपल्याडच्या त्या महिन्यांत तिच्या हाताला सवय लागली होती. प्रत्येकाची शिदोरी वेगळी बांधायची. पळापळीत ताटातूट झाली तरी कुणी उपाशी राहू नये. तिनं तीन फडकी पसरली. तीन गाठी मारल्या. उस्तादांच्या भाकरीला तिनं लोण्याचं बोट जास्त लावलं. दोघांच्या शिदोऱ्या चुलीशी ठेवल्या आणि तिसरी नेऊन आतल्या खोलीच्या दाराशी, ताटाशेजारी ठेवली. घाई झालीच तर त्यांच्या हाताशी असावी म्हणून.

बांगड्या वाजवल्या. क्षणभर थांबली.

सकाळचं ओरडणं त्यांनी ऐकलं असणार. ते हिंमतरावासाठी होतं, तुमच्यासाठी न्हाय, असं सांगावं असं तिच्या मनात आलं. पोत्यांआडून त्यांचा श्वास ऐकू येत होता, इतकं जवळ. पण कधी न बोललेल्या माणसाशी पहिलं वाक्य कुठून सुरू करायचं? काय म्हणून हाक मारायची? महांतप्पा आला की सांगेलच. ती मागं सरली आणि घागर घेऊन आडावर गेली, कारण घरात वाटेला न्यायलाही पाणी नव्हतं.

आडावर बायकांची दाटी होती. हरणाबाई म्हणाली, "नीलम्मा, आज लई गुमान?" ती काहीतरी बोलली. पोहरा भरायला वेळ लागला.

परत आली तेव्हा परसाचं दार लोटलेलं होतं. आतल्या खोलीत चटई गुंडाळून भिंतीशी उभी केलेली. कास्याचं ताट धुऊन, पुसून, पालथं घातलेलं. शिदोरी नव्हती. उस्ताद नव्हते.

तिनं पोती हलवून पाहिली. जोंधळ्यामागं ते अजून दडून बसले असावेत तशी तिची नजर पोत्यापोत्यातून फिरली. मग ती तिथंच चटईला पाठ लावून बसली.

महांतप्पा आला तो हसतच. "मिळाली गाडी! कल्याणप्पानं बैलबी चांगले..." आणि तिचं तोंड पाहून थांबला.

"गेले," ती म्हणाली.

"गेले म्हंजे?"

"शिदोरी घिऊन गेले."

महांतप्पा खोलीत जाऊन आला. पालथं ताट पाहून आला. "तू काय म्हणालीस त्यास्नी?"

"काय न्हाय."

"कायच न्हाय? गाडीचं, उमरग्याचं..."

"तुमी सांगनार हुता."

त्याला आता ऐकू येत होता सकाळचा त्याचाच आवाज. परकं माणूस कशाला ठिवू. घरातला माणूस तसं ओरडतो, आणि घटकाभरानं घरातली बाई न बोलता शिदोरी बांधून दाराशी आणून ठेवते. ह्या मुलखात पाव्हण्याला ऊठ म्हणायची दुसरी रीत नाही. कुणी 'जा' म्हणत नाही. भाकरी बांधून देतात. हे शहाण्या माणसाला कळतं. उस्तादांइतका शहाणा माणूस त्या गावात दुसरा नव्हता.

ती दोघं तशीच गाडीत बसली आणि हैदराबादच्या रस्त्याला लागली. जो भेटेल त्याला आडवळणानं विचारत. ओढ्यापाशी बिरदेव धनगर मेंढरं पाजत होता. तो म्हणाला, "बगितलं की. पांढऱ्या दाढीचं म्हातारं. ह्याच लिंबाखाली बसलं हुतं. गठुडं सोडून अर्धी भाकर मला दिली. लोणी लावल्याली. म्या म्हनलं, बाबा, ह्या दिसात येकटं कुठं? तर म्हनलं, पाव्हणा हुतो एका घरी, निगालो आता. म्या म्हनलं, अशा वक्ताला सोडलं तुमास्नी? तर हसलं. म्हनलं, त्यांनी करायचं तेवढं लई केलं. बोळवण चांगली केली."

"कुणीकडं गेले?"

बिरदेवानं काठीनं पुढं दाखवलं. रस्ता तिथं दोन फाटे फोडत होता, आणि दोन्ही फाट्यांवर तुरीची उंच शेतं.

नीलम्मा गाडीत उभी राहिली. पदर डोक्यावरून खांद्यावर आला, तो तिनं सावरला नाही. आणि आळंदच्या त्या लेकीनं, नवऱ्यादेखत, परक्या धनगरादेखत, मोकळ्या गळ्यानं हाक मारली, "उस्ताऽद! अवो उस्ताद! ऱ्हावा! थांबा तुमी!" जात्यावर कमावलेला आवाज तो. तुरीवरून गेला, ओढ्याच्या पल्याड गेला. मेंढरांनी माना वर केल्या. तिनं पुन्हा हाक मारली, पुन्हा मारली. महांतप्पानं तिला अडवलं नाही. एका फाट्यानं ती दोघं अंधार पडेपर्यंत गेली, परत येऊन दुसऱ्यानं. उमरग्याच्या तळावर विचारलं. तिथं तसा कुणी म्हातारा आला नव्हता.

पुढं सगळं शांत झाल्यावर महांतप्पा हैदराबादेस जाऊन आला. त्या कचेरीत उस्तादांना ओळखणारे होते. पण ते परत आल्याचं कुणालाच ठाऊक नव्हतं. एकानं चहा पाजला, त्यांचे किस्से सांगितले, एकेका शब्दासाठी दोन दोन दिवस कसे उपाशी बसत ते. महांतप्पा परतला आणि चुलीपाशी बसून त्यानं ते सगळं नीलम्माला सांगितलं.

तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "बोळवण चांगली केली म्हनाले, न्हवं?"

"व्हय."

"मंजी राग न्हवता मनात."

"न्हवता," महांतप्पा म्हणाला. "राग असता तर फिरून आले असते भांडायला."